भाऊजींच्या अन्ननलिकेची अॅलर्जी: आता बरं वाटून राहिलं, तर औषध बंद करायचं का?

घाटंजीची वहिनी

नमस्कार मंडळी. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात. माझ्या दिराबद्दल विचारून राहिले आहे. वय ३१, वावर सगळं तेच पाहतात, बिडी-तंबाखूचा नाद नाही. लहानपणापासून शिंका, सर्दी आणि थंडीत थोडा दम, एवढीच कुरकुर.

पण जेवायला बसले की पंगतीतून शेवटी उठणार. घासागणिक पाणी. भाकर वरणात चुरल्याशिवाय खात नाहीत, पोळी दुधात नाहीतर रश्शात भिजवलेलीच लागते. लग्नाकार्यात जेवणाची वेळ टाळून जातात. सासूबाईंचं म्हणणं, "तो लहानपणापासूनच मंद जेवते." तालुक्याला दाखवलं तर पित्ताच्या गोळ्या मिळायच्या. त्या चार-आठ दिवस घ्यायच्या, मग विसरायच्या.

यंदा पोळ्याच्या करीला मटणाचा तुकडा अडकला. पाणी खाली जाईना, थुंकीसुद्धा परत येत होती. रात्रीच यवतमाळ आणि तिथून नागपूर. दुर्बिणीतून तुकडा काढला. पुढे परत दुर्बीण टाकून अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. रिपोर्टात इओसिनोफिल, म्हणजे अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या भागात) ६० च्या वर. आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेतली अॅलर्जीची जुनी सूज. नळीला आतून कड्याकड्या पडल्या आहेत आणि खाली थोडी अरुंद झाली आहे, असं डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं.

औषध दिलं बुडेसोनाइड, हे एक स्टिरॉइड. दम्याच्या मशीनमध्ये पिळतात त्या प्लास्टिकच्या कुप्या. त्या मधात घोटून सकाळी आणि रात्री हळूहळू गिळायच्या, वरून अर्धा तास पाणीही नाही. आमचा मेडिकलवाला देईचना. "वहिनी, हे वाफेचं औषध आहे, पोटात घ्यायचं नाही." चिठ्ठी दाखवली तरी त्याची मान हलतेच आहे. शेवटी डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं तेव्हा कुप्या हातात पडल्या.

आता फरक चांगला आहे. भाऊजी म्हणतात, "मले काईच होत नाई, मंग कायले परत दुर्बीण?" वेचणी सुरू झाली आहे, मजूर मिळत नाहीत, आणि नागपूरची तारीख नेमकी त्यातच आली. सासूबाईंनी 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकल्यापासून रोज एकच धोशा लावला आहे, बंद कर म्हणून.

मला विचारायचं ते असं. या उपचारानं शंभरातले किती जण खरोखर बरे होतात? औषध सोडलं तर काय होतं? आणि दूध-गहू बंद करून औषधाशिवाय भागतं का? घरी म्हैस आहे, वावरात सोयाबीन आहे, आणि स्वयंपाक माझ्याकडे. जे काही पाळायचं ते शेवटी माझ्याच चुलीवर येणार, म्हणून नीट समजून घेते आहे.

कपाशीवाला, हिंगणघाट

ताई, तुमच्या भाऊजींच्या जागी मी आहे असं समजा. मलाही हाच आजार. जिनिंगमध्ये काट्यावर बसतो, धुळीत दिवस जातो, शिंका आमच्या पाचवीलाच पुजलेल्या.

बरं वाटण्याबद्दल एक सांगतो. हा आजार असलेला माणूस खायच्या युक्त्या शिकून बसलेला असतो. मी पोळीचे नखाएवढे तुकडे करायचो, प्रत्येक घास चावून चावून त्याचं पाणी करायचो, मटणाच्या पंगतीत नुसता रस्सा-भात. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "त्रास नाही." खोटं नव्हतं ते. त्रास होईल असं मी काही खातच नव्हतो.

माझे डॉक्टर हुशार निघाले. त्यांनी "गिळायला त्रास होतो का" असं विचारलंच नाही. म्हणाले, "कोरडी पोळी, जवळ पाण्याचा गिलास नाही, बाकीच्यांच्या बरोबरीनं उठता का?" तिथं मी गप्प. तेव्हा भाऊजींना कसं वाटतं हे विचारू नका. ते जेवताना समोर बसा आणि पाहा.

माझं औषध वेगळं आहे. ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उपाशीपोटी. तीच पित्ताची गोळी, पण ही नेमानं आणि डॉक्टरनं ठरवलेल्या मात्रेत. माझ्यावर तिनं काम केलं, तपासणीत पेशी जवळजवळ गेल्या. सगळ्यांवर करत नाही. आणि बरा झालो असं मी म्हणत नाही, आटोक्यात आहे म्हणतो. गोळी चालूच आहे.

गावरान तूप

अहो ताई, इतकं काही नसते. पित्त वर चढून घसा सुजते. रोज निजताना कोमट दुधात चमचाभर गाईचं तूप द्या, कोरफडीचा गर द्या. आमच्या काकाचं असंच अडकत होतं, महिन्यात मोकळं झालं. स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, शुगर येते. इंग्रजी औषधाच्या नादी लागू नका.

पोटविकार विभागातला

मी नागपुरात पोटाच्या विभागात शिकाऊ डॉक्टर आहे. इथं कोणाच्या औषधाची मात्रा ठरवणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण ताईंनी आकडे विचारले आहेत आणि ते आहेत.

आधी तुपाचं. काकांचा आजार कोणता होता हे तपासल्याशिवाय कळायचं नाही. उतारवयात घास अडकायला लागला तर आम्हाला पहिली शंका कॅन्सरची येते, तेव्हा काकांची दुर्बीण झाली नसेल तर करून घ्या. आणि या आजारात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार दूधच आहे. रोज निजताना दूध-तूप पाजणं म्हणजे आगीत तेल.

आता उपचार. रिपोर्टात एका फील्डमध्ये १५ किंवा जास्त इओसिनोफिल असतील तर हा आजार धरतात, आणि उपचारानं ते १५ च्या खाली आले का हे पाहतात. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. गिळायच्या स्टिरॉइडनं १०० पैकी साधारण ६५ जणांच्या पेशी खाली आल्या. ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी ४२ जणांच्या. नुसतं खोटं औषध, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं, दिलेल्या गटातही १३ जणांच्या आल्या, तेव्हा कोणा एकाला एखाद्या उपायानं गुण आला म्हणून तो उपाय लागू पडला असं होत नाही. सहा पदार्थ बंद करून ६८, आणि नुसत्या तयार अमिनो आम्लांच्या द्रवावर ठेवलं तर ९४ च्या आसपास. पण तो द्रव इतका बेचव आणि महाग असतो की मोठा माणूस त्यावर फार दिवस राहत नाही.

औषध सोडल्यावर काय होतं, याचं उत्तर त्याहून स्पष्ट आहे. युरोपात २०१८ पासून बुडेसोनाइडची तोंडात विरघळणारी खास गोळी मिळते. तिनं बरे झालेल्या लोकांचे गट करून ४८ आठवडे पाहिलं. गोळी चालू ठेवलेल्या १०० पैकी सुमारे ७५ जण आटोक्यात राहिले. खोट्या गोळीवरच्या १०० पैकी ४-५. म्हणजे सोडल्यावर बहुतेकांचा आजार परत येतो. कधी ते सांगता येत नाही, पण येतो.

स्टिरॉइडची भीती सासूबाईंची एकट्यांची नाही, ओपीडीत रोज ऐकतो. हे औषध अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरावर काम करतं. रक्तात फिरतं ते थोडं, कारण पोटातून शोषलेलं बरंचसं औषध यकृतातच मोडलं जातं. म्हणून दम्याच्या झटक्यात देतात त्या गोळ्यांसारखा अंगभर परिणाम सहसा होत नाही. नेहमी दिसणारा त्रास म्हणजे तोंडात किंवा अन्ननलिकेत पांढरी बुरशी. ती औषधानं जाते. अर्ध्या तासानंतर चूळ भरली, दात घासले की तिचं प्रमाण कमी होतं. मात्र मध्ये पाणी प्यायलं तर औषध सरळ पोटात गेलं, त्याचा नळीला काही उपयोग नाही.

आणि सूज तशीच सोडून दिली तर? नळीत हळूहळू चट्टा धरतो आणि ती आवळते. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यापासून दोन वर्षांत निदान झालेल्यांपैकी १७ टक्के लोकांची नळी आवळलेली होती. वीस वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांत ७१ टक्के. तुमचे भाऊजी लहानपणापासून मंद जेवतात म्हणता, त्यावरून हिशेब करा. हा आजार कॅन्सरकडे जात नाही, एवढं मात्र सासूबाईंना नक्की सांगा.

दुर्बीण टाळू नका. लक्षणं आणि आतली सूज यांचा मेळ बसेलच असं नाही. माणसाला छान वाटतं आणि तुकड्यात पेशी भरलेल्या असतात, याच्या उलटही होतं. म्हणून उपचार सुरू झाल्यावर २ ते ३ महिन्यांत परत तुकडे घेतात. आणि ती तपासणी औषध चालू असतानाच व्हायला हवी. आधी पंधरा दिवस बंद करून गेलात तर औषधानं काम केलं की नाही हे कोणालाच कळणार नाही, खेप वाया.

अचलपूरची आई

आमच्या मुलाला हाच आजार आहे, वय ८. लहान मुलांत सहसा घास अडकत नाही, उलट्या होतात, पोट दुखतं, वजन वाढत नाही. आम्हाला आधी जंतांचं औषध दिलं, मग नजर उतरवली. शेवटी दूध बंद केलं आणि तपासणी चांगली आली. पण दूध बंद म्हणजे दही, ताक, तूप, पेढा, खवा, बिस्किटातली दूध पावडर सगळंच. शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट आलं की घरी रडारड. गाईऐवजी शेळीचं चालेल असं एकीनं सांगितलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले, प्रथिनं बरीच सारखी असतात. म्हशीचंही तेच.

घाटंजीची वहिनी

सगळ्यांचे आभार. कपाशीवाले दादा, तुमचं ऐकून काल मुद्दाम गव्हाचे पानगे केले. वरण, वांग्याची भाजी, आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ओढून घेतला. भाऊजींनी पहिला पानगा वरणात बुडवून खाल्ला. दुसरा कोरडा घेतला, तीन घास नीट गेले. चौथ्याला थांबले. मान थोडी पुढे, खांदे वर, डोळे तांब्याकडे. मी बोलले नाही. बराच वेळ तसेच बसले, मग गेला घास. "पाहून काय राहिली वहिनी?" म्हणे. म्हटलं, "काही नाही, वरण देऊ?" पूर्वी असं अडकलं की उठून मोरीकडे पळायचे, ते आता नाही. फरक आहेच. पण "काईच होत नाई" हे काही खरं नाही.

आता स्वयंपाकाचं सांगा. सहा पदार्थ कोणते? दूध तर समजलं. सोयाबीनचं तेल बंद करायचं का? आमच्याकडे दुसरं तेलच नाही. आणि तुरीचं वरण बंद म्हणाल तर या घरात चूल पेटवायची कशाला, हा प्रश्न येईल. आधी त्या अॅलर्जीच्या रक्ततपासणीनं किंवा हातावर टोचून कळत नाही का, कोणता पदार्थ नडतो ते?

पोटविकार विभागातला

टोचून किंवा रक्तातून या आजाराचा नडणारा पदार्थ भरवशानं सापडत नाही. ती अॅलर्जी वेगळ्या वाटेची असते. महागड्या पॅनलवर पैसे घालू नका.

सहा पदार्थ: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखे मेवे, मासे. ज्वारी त्यात नाही, म्हणजे भाकर राहिली. पानगे गेले. तुरीची डाळ अमेरिकेतल्या मूळ यादीत नाही, स्पेनमधल्या एका यादीत मात्र सगळ्या डाळी-शेंगा होत्या. रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिन जवळजवळ नसतं, ते बहुतेकांना चालतं. घाणीचं तेल वेगळं. हे सगळं आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानंच करायचं.

पण आधी पुढचं ऐका. पदार्थ बंद करणं सोपं असतं. खरी कटकट नंतर, एकेक परत सुरू करताना. प्रत्येक वेळी काही आठवडे खायचं आणि परत दुर्बीण, परत तुकडे. घाटंजीहून नागपूरला इतक्या खेपा कोण करणार? म्हणून हल्ली एकाच पदार्थापासून सुरुवात करायचा कल आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत १२९ मोठी माणसं घेतली होती. नुसतं दूध बंद केलेल्यांत ३४ टक्के आणि सहाही पदार्थ बंद केलेल्यांत ४० टक्के लोकांच्या पेशी सहा आठवड्यांत खाली आल्या. फरक इतका थोडा, की सहाच्या मागं लागण्यापेक्षा आधी दूध सोडून पाहणं शहाणपणाचं वाटतं.

पण औषध चालू असताना त्यातच दूधही बंद करू नका, कशानं गुण आला ते कळणार नाही. आधी ही दुर्बीण होऊ द्या. पेशी खाली आल्या असतील तर पुढे मात्रा कमी करायची की दुधाचा प्रयोग करायचा, हे त्या डॉक्टरांशी बसून ठरवा.

तुम्ही पानग्याचं लिहिलंत ते त्यांना जसंच्या तसं सांगा. पेशी गेल्या असतील आणि तरी घास थांबत असेल, तर अडचण सुजेची नाही, अरुंद नळीची आहे. नळीचा व्यास १३ मिलिमीटरच्या खाली गेला की घट्ट घास अडकतोच. मग दुर्बिणीतून नळी फुग्यानं हळूहळू रुंदावतात. नळी फाटण्याचा धोका १०० त एकाहूनही कमी, पण दोन-तीन दिवस छातीत दुखतं, ते आधी सांगितलेलं बरं. रुंदावल्यानं घास लगेच उतरतो. सूज मात्र त्यानं जात नाही, म्हणून लोक फुगा झाला की औषध सोडतात तेव्हा आम्हाला राग येतो.

आठवड्याला एक इंजेक्शनही आहे, डुपिलुमॅब. अमेरिकेत २०२२ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. सुमारे ६० टक्के लोकांत पेशी अगदी खाली आणतं. पण खर्च पाहता आपल्याकडे ते शेवटचं. तुमचं औषध लागू पडत असेल तर त्याचा विचारच नको.

गावरान तूप

बरं बावा. काकाला दाखवतो नागपूरला.

घाटंजीची वहिनी

भाऊजींना वरचं सगळं वाचून दाखवलं. १७ आणि ७१ चा आकडा ऐकून जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणे, "वेचणीचं कसं?" सासूबाई आणि मी पाहतो म्हटलं, दोन दिवसांत कापूस कुठं पळून जात नाही. कुप्या चालू ठेवायला तयार झाले आहेत, पण मधाचा कंटाळा आला म्हणतात. सासूबाई अजून धुसफूस करतात, पण कॅन्सर नाही हे ऐकून त्यांचा आवाज उतरला.

एक राहिलं. परत असं अडकलं तर घरी काय करायचं? मागच्या वेळी शेजाऱ्यांनी केळं खाऊ घातलं, पाठीत गुद्दे घातले.

पोटविकार विभागातला

केळं, भाताचा गोळा, सोडा, काहीही वरून ढकलायचं नाही. उलटी करवायची नाही. श्वास चालू आहे, बोलता येतं, म्हणजे तुकडा श्वासनलिकेत नाही, तेव्हा गुद्द्यांचा उपयोग नाही. थोडा वेळ शांत बसवा. थुंकी गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, छातीत कळ येत असेल तर लगेच निघा, सकाळची वाट पाहू नका. आणि दुर्बीण असलेल्या ठिकाणीच जा, मधल्या दवाखान्यात तास घालवू नका. मधाचं म्हणाल तर घट्टपणा महत्त्वाचा, मधच हवा असं नाही. दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या.

कपाशीवाला, हिंगणघाट

ताई, नागपूरला जाताना पहिल्या तपासणीचा रिपोर्ट आणि जमलं तर काचेच्या स्लाइड्सही सोबत ठेवा. दोन्ही वेळच्या पेशी एकाच डॉक्टरनं मोजल्या तर तुलना नीट होते. आदल्या रात्रीनंतर पोटात काही नको. गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून भाऊजींना एकटं पाठवू नका, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात मोटारसायकलची चावी देऊ नका. नंबर यायला दुपार होते. योजनेत बसते का ते आत जायच्या आधीच आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारून घ्या, राशन कार्ड आणि आधार कार्ड लागेल. तुकड्यांचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही. त्यासाठी परत हेलपाटा नको, फोनवर पाठवता का असं निघतानाच विचारा. रिपोर्ट आला की आकडा इथं लिहा.